दवाच्या बाजारातली न्याहारी

एक होता राजा. त्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की ते सांगून होईपर्यंत तुम्ही घोरायला लागाल. म्हणून आपण नुसतं राजाच म्हणू. त्याला एक लेक होती, कुंदा. सहा वर्षांची. आणि राणी? होती हो, राणीसुद्धा होती. फार मायाळू होती. पण मागच्या थंडीत ती देवाघरी गेली.

तेव्हापासून काय झालं, कुंदाने खाणंच सोडलं. ताट पुढे आलं की दोन शितं चिवडायची आणि म्हणायची, "झालं माझं." गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. वैद्यांनी चाटणं दिली, आचाऱ्यांनी पंचपक्वान्नं केली. पोरगी ढुंकून बघेना. राजाचा जीव टांगणीला लागला. राणी तर गेलीच, आता लेकही हातची जाते की काय!

मग कुंदाची दाई म्हणाली, "सरकार, नदीपल्याड पहाटे दवाचा बाजार भरतो. गवतावरचं दव वाळलं की उठतो. तिथलं ताजं खाल्लं की मेलेली भूक जागी होते म्हणतात. पण नोकराला धाडून भागत नाही. आपलं आपण जावं लागतं."

राजाने मुकुट ठेवला खुंटीला, खांद्यावर टाकली घोंगडी आणि निघाला.

काय तो बाजार! भोपळे आपले आपण गडगडत येत होते. पालकाच्या जुड्या अंग झटकून दव उडवत होत्या. वांगी रांगेत बसून एकमेकांना ढकलत होती. हसू नका, खरंच! आणि त्या बाजाराची एक रीत होती, बरं का. उपाशी माणसाला कुणी काही बांधून द्यायचं नाही. आधी त्याला बसवायचं, पोटभर खाऊ घालायचं, मगच घरच्यांसाठी बांधून द्यायचं. राजाला बिचाऱ्याला हे कुठलं ठाऊक?

पहिल्यांदा भेटली एक बगळी. एका पायावर उभी राहून तांदळाचे घावन घालत होती. पांढरे शुभ्र, जाळीदार. तिने विचारलं, "न्याहारी झाली का, पाव्हणं?"

"झाली, झाली. आत्ताच खाऊन आलो," राजा म्हणाला.

साफ खोटं! पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पण आपण नाही का, कुणाकडे गेलं की पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणतो, नको नको, आत्ताच झालं? तसंच. बगळीने मान तिरकी करून बघितलं आणि केळीच्या पानात घावन बांधून दिले. राजा धावत घरी आला, पान उघडलं. आत काय? नुसते दवाचे चार थेंब. कुंदाने बघितलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या पहाटे राजा पुन्हा गेला. आज भेटलं एक साळिंदर. निखाऱ्यात रताळी भाजत होतं आणि आपल्याच पाठीचा काटा टोचून बघत होतं, शिजली का म्हणून. त्यानेही तेच विचारलं. राजा म्हणाला, "पोट अगदी तुडुंब आहे. तू लेकीसाठी तेवढं दे." साळिंदराने दिली. घरी येऊन बघतो तर पानात नदीतले गार गोटे! त्या दिवशी कुंदाने दूधसुद्धा घेतलं नाही.

मग तिसरी पहाट. राजा काठी टेकत टेकत आला. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. हुरड्याचं थालीपीठ थापत होती, बोटाने मधे भोकं पाडत होती. तिने वर बघितलं. पदराला हात पुसला आणि राजाच्या गालावर ठेवला.

"किती वाळलास रे, लेकरा. न्याहारी झाली का?"

राजाच्या ओठावर 'झाली' आलं होतं. पण तो हात इतका ऊन होता, की त्याला खोटं बोलवेना.

"नाही झाली, आजी," तो म्हणाला. "राणी गेल्यापासून घास उतरत नाही. ताटावर बसतो, चिवडतो, उठतो. लेक बघत असते, म्हणून तिला म्हणतो, झालं माझं..."

आणि राजाने कपाळाला हात लावला. पोरीने ते शब्द कुणाकडून उचलले, ते त्याला आत्ता कळलं.

म्हातारी म्हणाली, "बाप उपाशी उठला, तर पोर कशी जेवेल? बैस इथं."

तिने गरम थालीपीठ पुढे केलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. पहिला घास राजाने नुसता तोंडात घोळवला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतलं पाणी लागलं. तिसऱ्या घासाला मात्र त्याला भूक लागली. इतक्या दिवसांची भूक! दीड थालीपीठ खाल्लं बघा त्याने. म्हातारीने उरलेली थालीपिठं पानात बांधली आणि म्हणाली, "आता ने."

राजा घरी आला. पान उघडलं. वाफ अजून निघत होती! पण कुंदा पानाकडे बघेचना. ती राजाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आबा, तुमच्या मिशीला लोणी लागलंय."

"हो का?"

"तुम्ही खाल्लंत? खरंच?"

"खरंच गं. दीड थालीपीठ."

कुंदा उठून बसली. बारीकसा हात पुढे केला आणि म्हणाली, "मग मला पण द्या."

राजाने एक तुकडा तिला भरवला, एक आपण खाल्ला. असं करत करत पान रिकामं झालं. मग कुंदा चांगली गुटगुटीत झाली, राजा नीट राज्य करू लागला, आणि दोघं रोज एकाच ताटात जेवू लागली. राणीची आठवण यायची, नाही कशी येणार? यायची. मग ती दोघं तिच्याबद्दल बोलायची आणि जेवायची.

चला, डोळे मिटा. पाय आत घ्या पांघरुणात. सकाळी चुलीवर काय आहे ते वासानेच कळेल तुम्हाला.