पाडव्याला आलेल्या मधमाश्या

ज्याचे कधी काही चुकत नाही असा एक शिष्य एका डोंगरावरच्या आश्रमात राहत होता. नाव विश्वंभर. पंचांग त्याला तोंडपाठ, आणि पूजेतले फूलही कधी इकडचे तिकडे झाले नाही. अशा माणसांबरोबर राहणे अवघड असते. पण आश्रम त्यांच्याच जिवावर चालतात, हेही खरे.

आश्रमाभोवती जांभळींचे जुने रान होते आणि आश्रमाच्या मालकीच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. थंडीत या पेट्या खाली खोऱ्यात, धणे-मोहरीच्या शेतांजवळ ठेवायच्या आणि गुढीपाडव्याला वाजतगाजत वर आणायच्या, अशी तिथली रीत. तोवर खोऱ्यातली पिके निघालेली असत आणि वर जांभळी फुललेल्या असत. माश्यांचे पोट भरे, झाडांना फळ धरे. मग डोंगराखालच्या वाडीतल्या बायका टोपल्या भरभरून जांभळे बाजाराला नेत. वाडीचे पावसाळ्यातले धान्य त्या जांभळांवर येत असे.

यंदा मात्र थंडी आली म्हणेपर्यंत गेली. माघातच घामाच्या धारा लागल्या आणि शिमग्याच्या आधी जांभळी फुलून आल्या. विश्वंभर रोज सकाळी त्याच रानातून झऱ्यावर जाई. अंगावर फुलांचा केसर पडे, तो उपरण्याने झटकून पुढे जाई. पेट्या वर आणाव्यात, असे त्याच्या मनात एकदा येऊन गेले. पण पाडव्याला अवकाश होता आणि आश्रमाचे आचार्य परगावी होते. गुरूंनी घालून दिलेला दिवस शिष्याने मोडायचा? त्याने तो विचार दाबून टाकला. दाबला, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

पाडव्याला पेट्या वर आल्या. हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, दारे उघडली. माश्या बाहेर पडल्या, रानभर हिंडल्या आणि रिकाम्याच परतल्या. झाडांखाली वाळलेल्या फुलांचा सडा पडला होता, फांदीवर काही नव्हते. खोऱ्यातली शेतेही केव्हाच मोकळी झाली होती. आठवडाभरात पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचे ढीग दिसू लागले.

आचार्य परतले तेव्हा विश्वंभराने सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "रीतीत तसूभर चूक झाली नाही, गुरुजी. यंदा माश्याच निकस निघाल्या."

आचार्य पेट्यांपाशी गेले, वाकले आणि त्यांनी मेलेल्या माश्या ओंजळीत घेतल्या. मग म्हणाले, "उद्या वाडीतल्या मंडळींना जेवायला बोलाव. सूर्य डोक्यावर आला की पंगत बसेल, असं सांग."

विश्वंभर स्वतः घरोघर जाऊन आवतण देऊन आला. दुसऱ्या दिवशी माणसे चढ चढून आली. पोरेबाळे होती, म्हातारी होती, आणि जेवायला जायचे म्हणून सकाळपासून कुणी काही खाल्ले नव्हते. विश्वंभर पुढे होऊन त्यांना आत घेऊन गेला, तर जेवणघर झाडून-पुसून स्वच्छ. चूल विझलेली. पातेली घासून पालथी घातलेली.

"पंगत सकाळीच उठली," ओट्यावर बसलेले आचार्य म्हणाले.

विश्वंभराला आधी वाटले, आपण चुकीचे ऐकले. मग त्याचे कान तापले. वाडीतली हौसाबाई पदराने घाम पुसत त्याच्याकडे बघत होती. तिचे बोट धरलेला नातू भुकेने कुरकुरत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

"गुरुजी, मी यांना दुपारची वेळ सांगितली होती," तो कसाबसा म्हणाला. "ही माणसं वेळेवर आली आहेत. यांचं काय चुकलं?"

"काही नाही. कदाचित ही माणसंच निकस असतील."

विश्वंभराची मान खाली गेली, ती वर होईना.

आचार्य उठले. आधी वाडीकरांना हात जोडून म्हणाले, "मला क्षमा करा. चूल पुन्हा पेटते आहे, घटकाभरात तुमच्या पानांत वाढलं जाईल." मग विश्वंभराकडे वळले. "माणसांसाठी चूल पुन्हा पेटवता येते, बाळा. जांभूळ वर्षातून एकदाच पान वाढतं. पेट्या आणायला पाडवा मी ठरवला तो फुलोरा बघून. तू पाडवा सांभाळलास आणि फुलोरा अंगावरून झटकलास. पण सगळा दोष तुझ्या पदरात कसा टाकू? झाड काही मनानं घाईला आलं नाही. आपण कोळसा जाळला, तेल जाळलं, डोंगरांना वणवे लावले, आणि ऋतूंची वेळच हलवून ठेवली. खाली शहरात जाऊन मी गार हवेच्या खोलीत प्रवचनं देत होतो, तेव्हा इथे पंगत उठत होती. यजमान आपण होतो, विश्वंभरा. पाहुणे आपल्या दारात उपाशी मेले, आणि आपण त्यांनाच नावं ठेवली."

विश्वंभराला रडू आले नाही. रडण्याचाही आपल्याला अधिकार नाही, असे त्याला वाटले. तो वाडीकरांसमोर जाऊन उभा राहिला.

"यंदा जांभळं फार धरणार नाहीत," तो म्हणाला. "फुलं मला दिसली होती. पेट्या आणायचं मनातही आलं होतं. मी आणल्या नाहीत."

हौसाबाईने नातवाला पुढ्यात ओढून घेतले.

"मग पुढल्या साली पेट्या कवा आणायच्या?"

"झाडं फुलतील तेव्हा. तो दिवस कुठला असेल, मला सांगता येत नाही. रोज रानात जाऊन बघत राहीन."

"बघा. पुढल्या सालाचं झालं," हौसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आन् यंदा ह्या पोरानं पावसाळ्यात काय खायाचं?"

विश्वंभराने आचार्यांकडे पाहिले. आजवर प्रत्येक प्रश्नाला तिथून उत्तर आले होते. आचार्यही खाली मान घालून उभे होते.

वाचकहो, हौसाबाईला द्यायला आपल्यापैकी कुणाकडे उत्तर असेल, तर त्याने खुशाल मान वर करावी.