अण्णांचे रविवार

"ज्याला ऐकूच येत नव्हतं, तो माणूस सव्वीस वर्षं माझ्याबरोबर पाखरं ऐकायला का येत होता, अप्पा?"

टेकडीवरच्या मठाचे स्वामी, अप्पा, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण माणूस?"

"माझे वडील."

सुवर्णा म्हेत्रे टेकडीच्या पायऱ्या एका दमात चढून आली होती. श्वास वर-खाली होत होता, तरी ती बसली नाही. नुसत्या आवाजावरून दोनशे पाखरं ओळखणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. जंगल खात्याची माणसं तिला गाडी पाठवून बोलावून नेत. आपल्या कानाचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

तिचे वडील शिवलिंगअण्णा यंत्रमागावर कामाला होते. रविवारी बाकीचे कामगार दुपारपर्यंत झोपत. अण्णा दिवस उगवायच्या आत उठत, लेकीला सायकलच्या दांडीवर बसवत आणि गावाबाहेरच्या तळ्यावर नेत. ती तेव्हा तिसरीत होती. पहिली नावं अण्णांनीच तिला शिकवली. हा शिंपी, हा दयाळ, ही टिटवी. पाखरांचं एक जुनं पुस्तक त्यांनी कुठूनसं मिळवलं होतं. त्याला मांजरपाटाचं कव्हर त्यांनी हातानं शिवलं होतं.

पुढं पुढं ती बांधावर डोळे मिटून बसायची. तिनं डोळे उघडले की अण्णा विचारायचे, "कोण गं?"

ती नाव सांगायची. अण्णा पुस्तकातलं पान काढायचे, आणि दोघं डोक्याला डोकं लावून चित्र बघायची.

तिला वाटायचं, अण्णा परीक्षा घेतात.

ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गावातच राहिली. रविवार सुटला नाही. सायकलच्या जागी मोपेड आली, आणि दांडीवरची पोर पुढं बसून अण्णांना मागं बसवून नेऊ लागली.

चैत्रात अण्णा गेले.

आज सकाळी मल्लूकाका भेटायला आले होते. अण्णांच्या शेजारच्या मागावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. बोलता बोलता सुवर्णानं तळ्याची आठवण काढली, तसे ते हसले.

"शिवल्याला पाखरू कुठलं ऐकू येतंय, पोरी! मागाच्या खडखडाटानं बारीक आवाज आम्हा सगळ्यांचेच गेलेले. माणसाचं बोलणं आम्ही ओठांवरनं ओळखायचो. त्याला तर डॉक्टरनं लवकरच सांगितलं हुतं. तू पाचवीला असशील तवा."

मल्लूकाका चहा पिऊन गेले. सुवर्णा उठली ती तडक मठाकडं निघाली.

"पाचवीला," ती अप्पांना म्हणाली. "म्हणजे त्यापुढचं सगळं खोटंच की."

"खोटं काय त्यात?"

"ऐकू येत असल्याचं सोंग."

"मला ऐकू आलं, असं म्हणाले कधी?"

सुवर्णा आठवू लागली. एक एक रविवार आठवू लागली.

"नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "‘कोण गं?’ एवढंच विचारायचे."

अप्पांनी एक शेंग उकलली. दाणे टोपलीत पडले.

"तळ्यावर जातेस?"

"अण्णा गेल्यावर एकदाच गेले. बांधावर बसले, डोळे मिटले. समोरच्या बाभळीत एक पाखरू बोललं. मी लगेच ओळखलं. डोळे उघडले, आणि..."

"आणि?"

"कुणी विचारलंच नाही. ते नाव तसंच तोंडात घेऊन मी घरी आले, अप्पा. त्याला आता सात महिने झाले. खिडकीत चिमणी बोलली तरी मी खिडकी लावून घेते."

अप्पांनी सालपटं बाजूला सारली आणि ओसरीवर हात आपटला.

"बस."

ती बसली.

ऊन पायऱ्यांवरून वर सरकत होतं. मठामागच्या चिंचेत कुणीतरी लांब शीळ घातली. बारीक, ताणलेली, शेवटी अलगद खाली सोडून दिलेली. सुवर्णाची मान सवयीनं वळली. डोळे आपोआप मिटले. कपाळावरची आठी विरली. शीळ पुन्हा आली, आणखी एकदा आली. तिसऱ्या वेळी सुवर्णाच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या.

तिनं डोळे उघडले.

अप्पा चिंचेकडं बघत नव्हते. त्यांचे हात थांबले होते, आणि ते तिच्या तोंडाकडं बघत होते.

"काय बघताय, अप्पा?"

"पाखरू."

सुवर्णाचा हात हळूहळू स्वतःच्या गालाकडं गेला. गालावर तो बराच वेळ तसाच राहिला.

"माझे डोळे मिटलेले असायचे," ती म्हणाली. "इतकी वर्षं... शेजारी बसून अण्णा काय करतात, ते मी एकदाही बघितलं नाही."

ती रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा रडली. अप्पांनी तिला रडू दिलं. उरलेल्या शेंगा तशाच पडून राहिल्या.

मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आता रविवारी माझ्याकडं कोण बघणार, अप्पा?"

"तू कुणाला तळ्यावर नेणार, आणि कुणाकडं बघणार?"