कुसवड्याच्या देवळातली रिकामी बाकडी

कुसवड्याच्या प्रेस्बिटेरियन देवळात भिंतीला लावून ठेवलेली ही सोळा सागवानी बाकडी बघा. शंभराहून जास्त वर्षं झाली, यांच्यावर बसून कोणी उपासना केलेली नाही. आमची मंडळी खाली सतरंजीवर बसते. शहरातून आलेले पाहुणे म्हणतात, वा, काय ही नम्रता! शताब्दीच्या पुस्तिकेतही तसंच छापलंय. ते साफ खोटं आहे.

असं सांगतात, की हे देऊळ दुष्काळात उभं राहिलं. मिशनने कामाला धान्य दिलं. बांधकामाचा चुना मळायच्या घाणीचा बैल वैरणीवाचून मेला, तेव्हा महारवाड्यातली गोजराबाई लोंढे स्वतः जोखडाला लागली. नुकताच बाप्तिस्मा झालेला; देवाचं घर आहे म्हणून ती घाणीचं दगडी चाक ओढत राहिली. तिच्या खांद्यावरचा घट्टा मरेपर्यंत गेला नाही म्हणे.

देऊळ झालं, बाकडी आली, पण ती सगळ्यांना पुरेनात. कोणी कुठे बसायचं हे वडीलमंडळाने ठरवलं. आमच्यात बिशप नसतो. मंडळी आपले वडील निवडते आणि तेच कारभार बघतात. त्यामुळे गोऱ्या साहेबावर खापर फोडायचीही सोय नाही. ठरलं असं, की गावातली घरं बाकड्यांवर, महारवाडा आणि मांगवाडा मागे जमिनीवर. प्रभूसमोर सगळे सारखे, हा उपदेशही त्याच रविवारी झाला.

उपदेश संपला तशी गोजराबाई उभी राहिली. "ज्या दिशी आमी तुमच्या शेजारी बसू, त्या दिशी मी प्रभुभोजन घीन. तवर भाकर नको नि प्याला नको."

बारा वर्षं ती दर रविवारी आली आणि जमिनीवर बसली. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीने सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीचं, ताट आलं की न घेता पुढे द्यायची. तिला ते नको होतं असं नाही. ताट पुढे गेलं की आईचे डोळे भरायचे, असं तिची लेक सारजा सांगायची. वडीलमंडळाने जरा सरकून घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण आज यांना शेजारी बसवलं तर उद्या आपल्या मुलींच्या सोयरिकी कशा व्हायच्या, एवढं मंडळातले एक वडील बोलले आणि बैठक उठली.

पुढे ती अंथरुणाला खिळली. पाळक भाकर आणि प्याला घेऊन तिच्या खोपटात गेले. तिने विचारलं, "आज आमची मानसं कुटं बसली व्हती?" पाळकांना खोटं बोलवेना. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तशीच, न खाता, गेली.

मयत देवळात आणलं तेव्हा वडीलमंडळाला लाज वाटली. त्यांनी पुढचं बाकडं पुसून घेतलं, हिला यावर ठेवा म्हणाले. सारजा आडवी आली. "जित्तेपनी बसवली न्हाई, आता कशापायी?" तिने आईला जमिनीवरच निजवलं. मयत खाली असताना वर कोण बसणार? एकेक करत सगळे बाकड्यांवरून उतरले. पुढच्या रविवारी आधी जाऊन बसायला कोणी धजेना, आणि मग कधीच कोणी बसलं नाही.

आजही आम्ही जमिनीवरच बसतो. पण एखाद्या रविवारी या आणि नीट बघा, पुढे कोण असतं आणि दाराशी कोण. आता कोणी काही ठरवत नाही, तरी कोणाची जागा चुकत नाही. जात नाही ती जात म्हणतात, ते उगाच नाही. सोयरिकीचं बोलणारे ते वडील म्हणजे माझे पणजोबा. मीही वडीलमंडळात आहे, पहिल्या सतरंजीवर बसतो. गेल्या नाताळाला मन खाऊ लागलं म्हणून दाराशी जाऊन बसलो. शेजारी गोजराबाईचा पणतू होता. तो लगबगीने उठला, हात धरून म्हणाला, "काका, हितं कुटं बसताय? पुढं चला." मी पुढे जाऊन बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.