हार घातलेली रुग्णवाहिका

आंबेवळणची डिझेलवर चालणारी रुग्णवाहिका भंगारात काढून सभापती उत्तमरावांनी विजेवरची नवी आणली. नारळ फुटला, गाडीला हार चढला. "डिझेलचा जमाना संपला!" सभापती गरजले. "पण साहेब, वस्तीवर वीज कुठं टिकते?" हौसाबाईने विचारलं, तर लोकच तिला हसले.

चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. वीज आदल्या दिवसापासून गेलेली. अर्धवट चार्ज झालेली गाडी घाटातच बंद पडली आणि नवऱ्याने तिथेच प्राण सोडला.

बातमी कळताच सभापती आपली डिझेलची जीप घेऊन धावत आले. "वैनी, माझ्या गाडीतून नेऊ त्यांना. लवकर घरी पोचतील."

हौसाबाईने मान वर केली. "नको साहेब. ते तुमच्या नव्या गाडीतच राहू देत, वीज येईल तेव्हा पोचतील. त्यांना आता कसली घाई? ही जीप तेवढी वस्तीवर ठेवून जा. घाई जित्या माणसाला असते."

सभापतींनी जीपची चावी तिच्या हातावर ठेवली आणि पायीच घाट उतरू लागले. मागे गावाने त्या हार घातलेल्या गाडीलाच खांदा लावला आणि ढकलत वर नेली.