अबोल्याची साडी

कांचीपुरमच्या एका विणकर आळीत देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथल्या रथोत्सवाची साडी विणायला आळीतली सर्वांत कसबी माणसं निवडत नाहीत. ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे, अशी दोघं निवडतात. बाहेरून आलेल्यांना याचं नवल वाटतं. मग देवळाच्या ओट्यावर बसलेले म्हातारे वरदप्पा कारण सांगतात.

फार पूर्वी या आळीत कनकम्मा आणि तिचा धाकटा भाऊ शेषप्पा राहत. दरवर्षी रथोत्सवात देवीला आपल्या घरची साडी नेसवायची, असा त्यांच्या वडिलांचा नवस होता. वडील गेले आणि पहिल्याच वर्षी दोघांचं रंगावरून बिनसलं. तिला साडी हिरवी हवी, त्याला लाल. बोलणं शेजारच्या मीनाक्कामार्फत चाले, म्हणे.

"अक्काला सांग, देवीला केळीच्या पानात गुंडाळायचं नाहीये."

"त्याला सांग, त्याच्या लालापेक्षा पानाची पिंक बरी."

मीनाक्का वैतागली. "तिकडे माझा भात करपतोय. मधे लाल घाला, काठाला हिरवा, आणि बसा दोघंही."

दोघं एकाच मागावर बसली. दुसऱ्याच्या रंगाला आपला दोरा लागू नये, म्हणून प्रत्येक जण रंगाच्या हद्दीवरूनच आडव्या दोऱ्याचा धोटा मागे फिरवी. वीतभर विणल्यावर कनकम्माने सहज हात फिरवला, तर काठाशेजारी उभी फट. तिचं बोट आरपार गेलं. अशी साडी भर मिरवणुकीत देवीच्या अंगावर उकलली असती, आणि अप्पांचा नवस पहिल्याच वर्षी मोडला असता.

ती विणलेलं उसवू लागली. शेषप्पाही उसवू लागला. पुन्हा सुरुवात केली तेव्हा तिने आपला हिरवा दोरा त्याच्या लाल दोऱ्यात अडकवला आणि मगच माघारी नेला. आता दर ओळीला एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागे.

मग शेषप्पा म्हणाला, "अक्का, जरा सैल सोड."

मीनाक्का तेव्हा तिथे नव्हती. कनकम्माने दोरा सैल सोडला.

रथ आळीभर फिरला, पण काठ जागचा हलला नाही, असं सांगतात.

आजही त्या मागावर अबोला धरलेली दोघंच बसतात. ती पुढे बोलू लागतातच असं नाही, हे वरदप्पा लपवत नाहीत. गेल्या वर्षीच्या दोन जावा साडी पुरी करून आपापल्या दाराने निघून गेल्या. काठ मात्र पक्का होता.

"आणि एखाद्या वर्षी कोणाचं भांडणच नसलं तर?" एका पाहुणीने विचारलं.

वरदप्पांनी आळीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

"तशी वेळ अजून आलेली नाही, अम्मा," ते म्हणाले.