दमलेली मिनिटं

“मग अकरा नंबर मला का नाही, मास्तर?”

दस्तगीर मास्तर भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून साली उडवल्या आणि हात श्रेणिकपुढे धरला.

“खा. काल एकजण देऊन गेलाय.”

“मी शेंगा खायला नाही आलो.”

“ते दिसतंयच,” मास्तर म्हणाले आणि दाणे आपल्याच तोंडात टाकले.

कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाला लागून मास्तरांची एक खोली होती. उभी हयात त्यांनी पोरांना त्या मैदानावर पळवलं. आता निवृत्त झाले होते, पण सुटले नव्हते. संध्याकाळी शिट्टी वाजली की ते खुर्ची ओढून दारात बसायचे आणि कुणाचं काय चुकलं ते मनातल्या मनात पुटपुटायचे.

खोलीत खिळ्याला एक मरून जर्सी टांगलेली होती. रंग पार विटलेला. पाठीवर अकरा.

ती सायमन सातपुतेची. सायमन जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. कॉलेजात त्याच्यानंतर अकरा नंबर कुणी घातला नव्हता. तो कुणाला द्यायचा ते मास्तरांनी ठरवायचं, असा अलिखित कायदा होता. किती प्राचार्य आले नि गेले, त्या कायद्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आणि उद्या फायनल होती. श्रेणिक मगदूमची कॉलेजातली शेवटची मॅच. त्याला ती मॅच अकरा नंबर पाठीवर घेऊन खेळायची होती. तीन वर्षं त्यानं हीच एक गोष्ट मनात धरली होती. तोंडानं मात्र आज पहिल्यांदा मागत होता, आणि नुसता मागायला आला नव्हता, पुरावा घेऊन आला होता.

पोरगा संख्याशास्त्राचा. आकड्यांतला किडाच म्हणा ना! त्यानं मोबाइल मास्तरांच्या पुढ्यात धरला.

“हे बघा. एकूण गुण मोजून उपयोग नाही. सायमनसर जास्त मॅच खेळले, मी कमी. म्हणून मी मिनिटाला किती गुण ते काढलं. जितकी मिनिटं मैदानावर, तितक्यानं भागायचं. मग जुना काय आणि नवा काय, सगळे एका तराजूत येतात.”

“बरं.”

“त्यांच्या काळी लांबून टाकलेल्या बास्केटलाही दोनच गुण मिळायचे. आम्हाला तीन मिळतात. म्हणून माझा तो जादाचा एक गुण मी कापलाय.”

“इमानदार आहेस.”

“तुमचं मैदान मुरमाचं होतं. चेंडू नीट उसळत नसणार. त्याबद्दल त्यांना थोडे वाढवून दिलेत.”

“अरे वा! वाढवूनसुद्धा दिलेस.”

“तरीही त्यांचे मिनिटाला अर्ध्या गुणाच्या आसपास येतात. माझे पाऊण गुणाच्या वर.” श्रेणिकनं मोबाइल खिशात घातला. “सांगा आता.”

मास्तरांनी मान हलवली.

“हिशेब बरोबर आहे. तू सायमनपेक्षा भारी.”

श्रेणिक भांडायच्या तयारीनं आला होता. म्हातारा हुज्जत घालेल, जुन्या काळाचे गोडवे गाईल, सगळ्याला उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

“मग… जर्सी?”

मास्तरांनी आणखी एक शेंग फोडली.

“सायमन मॅचमध्ये किती वेळ बसायचा?”

“बाहेर? बसायचेच नाहीत. चाळीसच्या चाळीस मिनिटं आत. मी जुन्या स्कोअरबुकात सगळं बघितलंय.”

“का बसत नव्हता?”

“दमत नसतील.”

मास्तर हसले ते शेंगदाणा घशात जाईपर्यंत. खोकला आवरत म्हणाले, “दमत नसतील म्हणे! अरे लेका, मॅच संपली की नळाखाली डोकं घालून ओकायचा तो. आमच्याकडे पोरंच सहा होती. त्यातला सहावा नोकरी करून शिकणारा, मिशन हॉस्पिटलात ड्यूटीवर. हा बसला असता तर आत जाणार कोण? मी?”

श्रेणिकनं खिळ्यावरच्या जर्सीकडे बघितलं.

“तू किती बसतोस?”

“साधारण दहा-अकरा मिनिटं. दम लागला की सर बाहेर घेतात. ताजा होऊन परत जातो.”

“म्हणजे सायमनची दमलेली मिनिटं सायमनच्याच हिशेबात आहेत.”

“हो.”

“आणि तुझी?”

“माझी काय?”

“तुझी दमलेली मिनिटं कुणाच्या हिशेबात आहेत?”

…

मैदानावरच्या कडुनिंबात साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. श्रेणिकनं मोबाइल पुन्हा बाहेर काढला. खरं म्हणजे त्याला तो बघायची गरज नव्हती.

“बिरू हाक्के. माझ्या जागी तोच जातो.”

“परवाच्या सेमीफायनलला किती खेळला?”

“अकरा मिनिटं.”

“गुण?”

“शून्य.”

“मिनिटाला किती पडले?”

“शून्याला कशानंही भागलं तरी शून्यच, मास्तर.”

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “त्या अकरा मिनिटांत काय झालं?”

“मी बेंचवर होतो.”

“म्हणून तर तुला विचारतोय. सगळ्यात चांगली जागा तुझी होती.”

श्रेणिकनं आठवून पाहिलं. ग्लुकोजचं पाणी आठवलं. डोक्यावर घेतलेला ओला टॉवेल आठवला. त्या टॉवेलखाली तो आपले किती झाले आणि आणखी किती हवेत याची गोळाबेरीज करत होता, तेही आठवलं. मैदानातलं काही म्हणता काही आठवेना.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल.”

“कुठं?”

“मैदानात.”

भिंतीला त्यांची सायकल टेकवलेली होती. तिचा पुढचा ब्रेक लागायचा, मागचा लागला तर लागायचा. ती ढकलत मास्तर मैदानावर आले आणि बास्केटखाली बोट दाखवून म्हणाले, “इथं उभा राहा. हात छातीशी. मी समोरून येतो. पाय हलवायचा नाही.”

“सायकलवरून?”

“मग काय घोड्यावरून?”

मास्तर दुसऱ्या टोकाला गेले. टांग मारली. घंटी वाजवत, मडगार्ड खडखडवत म्हातारा निघाला तो थेट श्रेणिकच्या रोखानं.

श्रेणिकनं टुणकन बाजूला उडी मारली.

“पाय हलला,” मास्तर पुढे जाऊन वळता वळता म्हणाले.

“हलणारच ना! अंगावर येताय तुम्ही!”

“पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला श्रेणिकनं दात आवळले. नाहीच हलायचं. सायकल आली, जवळ आली… आणि डावा पाय आपोआप मागे सरकला. त्यानं सरकवला नव्हता हो, तो आपला आपणच सरकला.

“हलला.”

“चार बोटं, मास्तर!”

“चार बोटं हललास की फाउल तुझ्यावर. न हलता उभा राहिलास तर धडक देणाऱ्यावर. पंच काय तुझा मामा लागतो?”

श्रेणिकला घाम फुटला होता. चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये फुटतो तो घाम वेगळा, हा वेगळा. तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे गच्च मिटले. मडगार्डचा खडखडाट ऐकू येत होता. पळ, पळ, असं सगळं अंग ओरडत होतं. एवढा एक विचार मनात येऊन गेला की हे थांबवायचं माझ्या हातात काहीच नाही, मी फक्त उभं राहायचंय.

चाक नडगीवर आदळलं.

मास्तर पाय टेकून कसेबसे सावरले. “लागलं?”

“नाही,” श्रेणिक म्हणाला. चांगलंच लागलं होतं.

“आता सांग. परवा त्यांचा तो उंच गडी, बास्केटखाली घुसायचा तो. वजन किती असेल त्याचं?”

“पंच्याण्णव किलो. जास्तच असेल.”

“आणि तो चालत येत होता का?”

श्रेणिकनं वाकून नडगी दाबून धरली.

“मी प्रेक्षकांत बसून मोजत होतो. मध्यांतरापर्यंत त्या गड्याच्या नावावर चार फाउल लागले होते. पाचव्याला बाहेर. ते चार कुठून आले असं वाटलं तुला?”

“आम्ही म्हटलं…” श्रेणिकचा आवाज खाली आला. “आम्ही म्हटलं, आपलं नशीब जोरावर आहे.”

“हं. बिरूच्या छातीचं हाड जोरावर होतं, नशीब नव्हे.”

आणि मग श्रेणिकला एकेक दिसायला लागलं. उत्तरार्धात तो मोकळा सुटला होता. बास्केटखाली घुसला की तो उंच गडी हात वर करून नुसता उभा राहायचा, अंगाला अंग लावायला धजायचा नाही. पाचव्या फाउलला भीत होता बिचारा. श्रेणिकला वाटलं होतं, आपल्याला भितोय. परवाचे त्याचे निम्मे गुण तिथेच झाले होते. ते गुण मोबाइलमध्ये होते, श्रेणिक मगदूम या नावापुढे.

परतीच्या गाडीतलं आठवलं तेव्हा तर त्याला कुठे तोंड लपवावं असं झालं. बिरू सीटवर वाकडा बसला होता, पाठ टेकवत नव्हता. श्रेणिकच ओरडला होता, “काय रे हाक्के, मूळव्याध झाली का?” सगळी गाडी हसली होती. बिरूही हसला होता, बरगडीवर हात दाबून धरून.

श्रेणिक तिथेच बास्केटखाली बसला. नडगी चोळता चोळता त्याचे डोळे भरून आले. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. पण लाजेपेक्षा दुसरंच काही मोठं होतं. आपण टॉवेलखाली बसलेलो असताना कुणीतरी आपल्यासाठी उभं होतं. न सांगता. पाय न हलवता. गेली तीन वर्षं, दर मॅचला. एवढं आपल्याला फुकट मिळत होतं, आणि आपण त्याला नुसतं भागत बसलो. बिरूबद्दल त्याला इतकी माया दाटून आली की आत्ता तो समोर असता तर त्यानं त्याला कडकडून मिठी मारली असती. बरगडीला जपून.

मास्तर सायकलला टेकून उभे होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

…

“मास्तर.”

“हं.”

“अकरा नंबर बिरूला द्या. उद्या त्याला घालू दे.”

“त्याचं तर मिनिटाला शून्य पडतं.”

“पडू दे.”

“तुझी शेवटची मॅच आहे.”

“त्याचीही आहे.”

“तीन वर्षं झुरतोयस त्या जर्सीसाठी. मला काय दिसत नव्हतं? येता-जाता खिळ्याकडे बघायचास.”

“झुरलो,” श्रेणिक म्हणाला. “पण आता मी ती घातली ना, तर पाठीला टोचेल. द्या त्याला. मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग सायकल ढकलत ते खोलीकडे निघाले. श्रेणिक लंगडत मागोमाग गेला.

आत जाऊन मास्तरांनी खिळ्यावरची जर्सी काढली. दारात आणून झटकली. उन्हात धुळीचा एक लोट उठला. त्यांनी तिची नीट घडी घातली, अकरा आकडा वर येईल अशी, आणि खुर्चीवर ठेवली.

मग शेंगांचं ताट पुढे ओढलं. दाणे चोळले, फुंकर मारली, हात पुढे केला.

या खेपेला श्रेणिकनं घेतले.

“गोड आहेत,” तो म्हणाला. “कुठल्या?”

“हाक्केच्या रानातल्या.”

श्रेणिक चावायचा थांबला.

“बिरू आला होता? काल?”

“आला होता…” मास्तर पुढची शेंग फोडत म्हणाले. “तुझ्यासाठी जर्सी मागत होता.”