आजचं ताजं, दुकानाहून जुनं

"दुकान बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

नगरशेठ आबाशेट असे गरजले की गोजराच्या हातातला डाव दह्याच्या मडक्यातच राहिला.

गोजरा म्हणजे वेशीबाहेरच्या गवळ्याची लेक. हात उरकता आणि जीभ त्याहून उरकती! त्याच सकाळी तिनं भर पेठेत गाळा घेऊन दह्याचं दुकान थाटलं होतं. आणि समोर कोण? तर आबाशेटचं श्रीखंडाचं दुकान! आजोबांनी काढलेलं, राजवाड्याला श्रीखंड पुरवणारं. गिऱ्हाईक एकेक करून पलीकडं वळताना बघून शेटजींच्या पोटात दुखायला लागलं होतं.

"पेठेची रीत ठाऊक नाही तुला? इथं जुन्या दुकानालाच जागा!"

"शेटजी," गोजरा म्हणाली, "तुमच्या आजोबांनी पहिल्या दिवशी फळ्या उघडल्या, तेव्हा ते दुकान किती जुनं होतं हो?"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. शेटजी लालबुंद झाले आणि तडक दरबारात गेले.

महाराज होते श्रीखंडाचे भोक्ते, आणि हट्टी तर असे की ब्रह्मदेव आला तरी दिलेला शब्द फिरायचा नाही. त्यांनी गोजराला बोलावून घेतलं.

"महाराज, हिच्या धंद्याला काही आगापिछा?" आबाशेट हात नाचवत म्हणाले. "काल विरजलं, आज विकलं, उद्या आंबलं!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, जुन्याला मान ही पेठेची रीत, ती मोडायची नाही. उद्या सकाळी तुझ्या दुकानातला असा माल आण, जो ताजा असेल, पण आबाशेटच्या दुकानाहून जुना असेल. आणि तो जुना आहे हे खुद्द आबाशेटनं कबूल केलं पाहिजे! जमलं तर दुकान तुझं. नाही जमलं तर दुकान बंद, म्हशी सरकारी गोठ्यात!"

गोजरा विचारातच घराकडं निघाली. म्हशी गेल्या तर बाप खाणार काय? आणि आबाशेट कबूल करणार? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ!

घरी येऊन तिनं धारा काढल्या, दूध तापवलं, कोमट झालं तशी विरजणाच्या मातीच्या सटाकडं वळली. सट रिकामा! पहिल्या दिवसाच्या आनंदात बयेनं सगळंच्या सगळं दही विकून टाकलं होतं. विरजणापुरतंसुद्धा ठेवलं नव्हतं!

"गवळ्याची लेक ना गं तू?" बापानं कपाळावर हात मारला. "आता जा कुणाच्या तरी दारी विरजण मागायला!"

गोजरा वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. मग गालात हसली, नि थेट पेठेचा रस्ता धरला.

आबाशेटच्या मागल्या दारी त्यांची म्हातारी आई शेंगा सोलत बसली होती.

"आजी, विरजण संपलं हो. चमचाभर देता?"

"आत ये की! विरजणाला का कुणी नाही म्हणतं?" म्हातारीनं वाटीत चांगलं डावभर दही घातलं. "जपून वापर हो. माझ्या सासूबाईंनी माहेराहून आणलेलं विरजण आहे हे. दुकानबिकान तर मागनं निघालं!"

"मला तेच पाहिजे होतं, आजी!" गोजरा म्हणाली आणि पाया पडून निघाली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. गोजरानं दह्याचा सट महाराजांपुढं ठेवला. दही असं घट्ट की डाव उभा राहावा!

"हे दही पहाटे लागलं, महाराज. आता शेटजींनी चाखून बघावं."

आबाशेट वाटी घेऊन तोंड वाकडं करतच बसले. पण जिभेला दही लागलं मात्र, ताडकन उभे राहिले!

"चोरी! महाराज, चोरी! हे आमच्या घरचं विरजण आहे!"

"कशावरून, शेटजी?" गोजरानं साळसूदपणे विचारलं. "विरजण काय, कुणाच्याही घरी असतं."

"कशावरून म्हणजे? ही चव साऱ्या गावात दुसरीकडं नाही! माझ्या आजीनं माहेराहून आणलेलं विरजण हे! दुकानाचा पत्तासुद्धा नव्हता, तेव्हाचं!"

आबाशेटनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"ऐकलंत ना, महाराज? दूध माझ्या म्हशीचं, दही आजचं ताजं. आणि जुनं किती, ते शेटजी आपल्या तोंडानं बोलले!"

"पण चोरी..." आबाशेट चाचरले.

"चोरी कसली? तुमच्या आईंनी आपल्या हातानं वाटीत घातलंय. आणि शेटजी, तुमच्या आजीला विरजण देताना त्या माहेरच्या माउलीनं हात आखडता घेतला असता, तर तुमच्या आजोबांनी श्रीखंड कशाचं विकलं असतं?"

महाराज असे खदखदून हसले की पगडी कानावर आली! "आबाशेट, पोरीनं तुमच्याच दह्यात तुम्हाला घोळलं की हो!"

तिथल्या तिथं हुकूम सुटला. गाळा गोजराला कायमचा, वर जरीचं लुगडं, आणि राजवाड्याच्या श्रीखंडाचा चक्का आजपासून तिच्याच दह्याचा.

आबाशेट वाटी पुढं करून म्हणाले, "वाढ गं आणखी थोडं. लागलंय मात्र झकास!"